दोन खिडक्यांमध्ये किती फूट?

संपादक महोदय,

धारावीत ३५० चौरस फुटांचं घर मिळणार, ही बातमी वाचून आमच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, "नशीबवान गं!" मी मात्र बातमीत दुसराच आकडा शोधत होते. एका इमारतीपासून दुसरी किती फुटांवर?

रुळांलगतच्या झोपडीत मी एकोणीस वर्षं काढली. रेल्वेच्या कामासाठी झोपड्या हटल्या आणि मानखुर्दला २२५ फुटांची खोली मिळाली. घरात संडास, घरात नळ. पहिल्या दिवशी तो नळ मी तीनदा उघडून बघितला, खोटं कशाला बोलू? लोकलच्या धडधडीशिवाय आठवडाभर झोप मात्र लागली नाही.

पण मी पापड-कुरडया करून विकणारी बाई. झोपडीच्या पत्र्यावर जुनं लुगडं अंथरलं की दोन दिवसांत कुरडई खडखडीत वाळायची. इथे पहिल्या मजल्यावर माझ्या खिडकीसमोर जेमतेम तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत. वरून लोक त्या बोळात कचरा टाकतात, म्हणून खिडकी कायम बंद. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. गच्चीला कुलूप. कुरडयांना बुरशी आली आणि गिऱ्हाइकं गेली.

पुढे सुनेला टीबी झाला. सहा महिने गोळ्या चालल्या, बरी झाली. दवाखान्यातल्या बाई सांगायच्या, हवा खेळती ठेवा, ऊन येऊ द्या. आणू कुठून? टीबीचा जंतू उन्हात मरतो म्हणे. मग आमच्या जिन्यात तो सुखानं नांदत असणार.

आमच्यानंतर नियम २६९ फुटांचा झाला, मग ३००. फूट वाढले, चांगलंच झालं. पण पुनर्वसनाच्या इमारतींना बाजूची मोकळी जागा कमी सोडायची सवलत आहे, तिच्याविरुद्ध मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. फुकट घरांचा खर्च विक्रीच्या टॉवरमधून निघतो, हे मला कळतं. म्हणून उजेडही त्यांच्याच वाट्याला द्यायचा का?

धारावीच्या गल्ल्यांत बायका उपड्या टोपल्यांवर पापड वाळवतात. त्यांना एवढंच सांगायचंय: नकाशा दाखवायला माणसं आली की खोलीचे फूट नंतर मोजा. आधी दोन खिडक्यांमधलं अंतर विचारा आणि गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार, ते लिहून घ्या.

– एक पापडवाली, मानखुर्द