ईशानच्या बिया पाठवते आहे

दापोली,
14 जून 2025

चि. मीनल हिला आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललो, पण तू ऑफिसात होतीस आणि मला जे सांगायचं होतं ते घाईत उरकण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. रात्री निवांत झालीस की वाच.

सुट्टी संपवून ईशान पुण्याला परत गेल्यापासून पडवी अगदी गप्प झाली आहे. बाबा चहा घेऊन तिथेच बसतात आणि पेपर मांडीवर तसाच ठेवून अंगणाकडे बघत राहतात. काल झाडताना बाकाखाली एक काजूची बी सापडली, ती त्यांनी उचलून खिशात टाकली.

तो आला त्या दिवसाचं सांगते. खालच्या आळीतली पोरं दारात आली. "येतोस काय खेळायला?" तर हा माझ्याकडे वळून विचारतो, "आजी, किती ते किती असतं?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, बॅडमिंटन सहा ते सात, स्केटिंग शनिवारी आठ ते नऊ, खेळ म्हणजे त्याला तासच माहीत. मी म्हटलं, "भूक लागेपर्यंत."

अर्ध्या तासात रडत परत आला. विटीदांडूला त्याला कोणी भिडू घेईना, हात बसलेला नव्हता ना. शेवटी पोरांनी त्याला कच्चा लिंबू करून टाकलं. दहा वर्षांचा मुलगा आणि कच्चा लिंबू! बाबा पोरांना समजवायला उठले होते, मी त्यांना बसवलं. मी स्वतःही गेले नाही. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं बघितली आहेत, अशा वेळी मोठं माणूस मध्ये पडलं की त्या पोराचं खेळातलं स्थान कायमचं जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पडलो होतो तर परसातून टक् टक् आवाज. हा एकटाच गल खणून विटी कोलत होता. घामाने निथळत होता, हाताला फोड आलेले. चौथ्या दिवशी तो पक्का भिडू झाला आणि रात्री जेवताना आम्हाला दोघांना विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड, नाल शिकवायला लागला. हे तेलुगू आकडे आहेत, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, असं मी सांगितल्यावर त्याचे डोळे एवढे मोठे झाले. तुमच्या सोसायटीतल्या तेलुगू मित्राला विचारणार होता. विचारलं का गं त्याने?

मग पाऊस आला. एरवी जूनची वाट बघावी लागते, यंदा मेमध्येच सुरू झाला आणि 26 मेला मुंबईत मॉन्सून पोचल्याचंही जाहीर झालं. मैदानाचा चिखल झाला. मला वाटलं, आता हा मोबाइल मागणार. पण पोरं आपल्या पडवीत आली ती काजूच्या बिया खिशात भरूनच. खडूने रेघ मारायची, प्रत्येकाने दोन-दोन बिया मांडायच्या आणि लांबून एका जड बीने नेम धरायचा. ज्याच्या नेमाने जेवढ्या उडतील तेवढ्या त्याच्या. ईशानने एक बी दाताने फोडून बघितली आणि चिकाने ओठ भाजून घेतला. तुला सांगू नको म्हणाला होता. खोबरेल लावलं, दोन-तीन दिवसांत बरा झाला, काळजी करू नकोस.

एक दिवस एक बी रेघेला चिकटून राहिली. आत की बाहेर, यावर जे भांडण लागलं ते संपेचना. मी तांदूळ निवडत ऐकत होते. एकाने डोकं जमिनीला टेकवून एक डोळा मिटून बघितलं. कोणी दोरा आणला. ईशान म्हणाला, अंपायर ठेवू या. बाकीचे म्हणाले, मग तो खेळणार कधी? एक जण रागावून निघून गेला आणि पायरीपाशीच घुटमळत राहिला, कारण बाहेर धो धो पाऊस आणि घरी जाऊन करायचं काय? शेवटी ठरलं की ती बी कोणाचीच नाही, तशीच पडून राहू दे, पुढच्या डावात जो उडवेल त्याची. पायरीवरचा परत येऊन बसला. कोणी कोणाची माफी मागितली नाही, डाव सुरू झाला. मीनल, एवढ्या वेळात तिथे जे शिकून झालं ते मला वर्गात महिनाभर शिकवता आलं नसतं.

मी हे एवढं लिहिते आहे कारण या मुलांचं एकदा हिरावलं गेलं आहे. 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. भांडायचं, कट्टी करायची, पुन्हा बट्टी करायची ते वय त्याने तुमच्या दोन खोल्यांत एका पडद्यासमोर काढलं. पहिलीची शाळा डिसेंबर 2021मध्ये कुठे उघडली, तर जानेवारीत पुन्हा बंद. तेव्हा इलाज नव्हता. आता आहे.

तू म्हणालीस, सोमवारी 16 तारखेला शाळा आणि त्याच आठवड्यापासून शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास, रोज साडेपाच ते साडेसात. तुझ्या वेळी ती परीक्षा चौथीला होती, याच्या वेळी पाचवीला आहे. भाषा, गणित, बुद्धिमत्ता आहेच. आणि मीनल, मला तुझं ते चौथीचं वर्ष आठवतं. शिक्षिकेची मुलगी गुणवत्ता यादीत यायलाच हवी असं मला वाटलं होतं. गणपतीनंतर मी तुझं संध्याकाळचं खेळणं बंद केलं. खिडकीशी टेबल लावून दिलं होतं उजेडासाठी, आणि खाली पोरींची लगोरी चाललेली असायची. तू एकदाही हट्ट केला नाहीस. एकदा मी मागून आले तर वहीत गणित नव्हतंच, एकाखाली एक लगोरीच्या चिपा काढलेल्या होत्या, सात. मी ओरडले होते. तुला शिष्यवृत्ती मिळाली, पेढे वाटले. आणि मेमध्ये त्या पोरी बोलवायला आल्या तेव्हा तू म्हणालीस, "मला आता येत नाही." हे मी आजवर तुझ्याशी बोलले नाही. मी चुकले, बाळा.

आणि मला हे कळायला हवं होतं, कारण डी.एड.ला असताना आम्ही डहाणूजवळच्या कोसबाडला जाऊन आलो होतो. ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि ताराबाई गेल्यावर अनुताई वाघ ते सांभाळत होत्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कुठून येणार? तर यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. बिया, शिंपले, पानं, काड्या हेच साहित्य. मी वहीत सगळं टिपून आणलं होतं. परक्यांच्या मुलांना चिंचोके देऊन गणित शिकवलं आणि स्वतःच्या मुलीला टेबलाशी बसवलं.

तेव्हा माझं एवढं ऐक. परीक्षेला माझा विरोध नाही, त्याला गणिताची आवड आहे, देऊ दे. पण संध्याकाळ मोकळी ठेव. सकाळी अर्धा-पाऊण तास तो आणि मी फोनवर बसू, बुद्धिमत्तेची कोडी मी घेईन, मला अजून जमतात. जावईबापूंशी मी स्वतः बोलते हवं तर. शाळेतून आला की खाऊ दे आणि खाली सोड. खाली कोणी नसेल, हे तू म्हणशीलच. आधी दोन दिवस नसेल. तू पार्किंगमध्ये खडूने एक रेघ मारून दे, आणि मग वर निघून ये. तिथे उभी राहू नकोस.

शेजारचे काका सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर पत्र्याचा डबा देते आहे. त्यात ईशानने जिंकलेल्या 63 बिया आहेत, निघायच्या गडबडीत फळीवर राहिल्या. मोजून झाकणाला आकडा चिकटवला आहे त्याने, म्हणून एकही कमी करू नकोस आणि भाजू तर मुळीच नकोस. त्यातली ती चपटी, काळपट, सगळ्यात जड बी खालच्या आळीतल्या पोराने निघताना त्याला दिली. ती नेमाची आहे. ती वेगळी कागदात बांधली आहे.

सोमवारी संध्याकाळी त्याला फोन करायला सांग. खेळून आल्यावर.

तुझी,
आई