बुडालेला पगार मिळाला: वकीलताईंचे जाहीर आभार

आदरणीय वकीलताई,

सादर नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या आम्हा कामगारांचा थकलेला पगार आणि किमान वेतनातील फरक अखेर खात्यावर जमा झाला. आपण फी घेतली नाही आणि सत्कारालाही नकार दिलात, म्हणून हे आभार जाहीरपणे मांडत आहोत.

आमच्या पगारातली चोरी कागदावर दिसतच नव्हती. बँकेत किमान वेतन पूर्ण जमा होई; मात्र दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस त्यातील ठरलेली रक्कम रोख परत घेऊन जाई आणि जो देणार नाही त्याचा गेटपास बंद होई. पुढे ठेका संपल्याचे सांगून त्याने शेवटचे पगारही बुडवले, तेव्हा ‘ही माणसे आमची नाहीत’ म्हणत कारखान्याने हात झटकले. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमानुसार मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर येते, हे आम्हाला आपल्याकडून प्रथम कळले.

तक्रार लिहिण्याआधी आपण पुरावा जमवायला लावलात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे काढल्याच्या पासबुकातील नोंदी, गेटवरची हजेरी, ‘उद्या पैसे घेऊन या’ असे सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे निरोप हे सारे आपण प्रत्येकाच्या नावापुढे महिनावार मांडलेत. त्यामुळे पगारपत्रकावरच्या सह्या दाखवून सुटण्याची वाट मालकाला उरली नाही. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाखाली दाव्याची मुदत अवघी सहा महिन्यांची होती, म्हणून अर्जही तातडीने दाखल केलात. तरीही आमच्यावरचे सर्वांत मोठे ऋण आहे ते निकालानंतरच्या कामाचे. आदेश हाती असूनही मालक पैसे देत नव्हता, आणि आमच्यासारख्यांची प्रकरणे बहुधा इथेच धूळ खात पडतात. आपण मात्र वसुली पूर्ण होईपर्यंत कार्यालयात खेटे घालत राहिलात.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता हा वेतनाविषयीचा नवा केंद्रीय कायदा लागू झाला आहे. त्यात दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे आणि थकीत रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. याचे स्वागतच आहे. मात्र खटल्याआधी मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यावी लागते, आणि ही संधी म्हणजे वेळकाढूपणाची सवलत ठरू नये, यासाठी तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कामगारांशी सुपरवायझरच्या गैरहजेरीत बोलले पाहिजे, हे आपले म्हणणे आम्हाला अनुभवाने पटते. (आमच्याकडे तपासणी झाली, तेव्हा आम्हाला मागच्या गोदामात बसवले होते.)

आपण तयार केलेल्या महिनावार तक्त्याच्या कोऱ्या प्रती काढून बजाजनगर आणि रांजणगावातील कामगारांना देण्याची परवानगी असावी, ही विनंती. शेंद्रा येथील काही कामगारही आपल्याला भेटू इच्छितात. आपल्या सवडीचा रविवार कळवावा.

आपले कृतज्ञ,
कंत्राटी कामगार, वाळूज