रेसमध्ये मला खुर्चीत बसवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. टी-शर्टवर नुसतं वॉलंटियर लिहिलेलं होतं, आणि तुमचं नाव विचारायच्या अवस्थेत मी तेव्हा नव्हतोच. गोव्यातल्या आयर्नमन रेसमध्ये मिरामारहून दोनापावलकडं जाणाऱ्या रनच्या रस्त्यावर, सुरूच्या झाडांच्या सावलीत जे एड स्टेशन, म्हणजे पळणाऱ्यांना पाणी-बर्फ देणारं टेबल, होतं तिथं तुम्ही होता, पांढऱ्या मिशा, गळ्यात ओला टॉवेल, ताळगावचे आणि आधी बोटीवर होतो असं तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. एवढ्या खुणांवर गोव्यात कुणीतरी तुम्हाला ओळखेल आणि हे तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

ज्यांना ही रेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्नमन 70.3 म्हणजे 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर पळायचं, सगळं मिळून 113 किलोमीटर, मैलात ते 70.3 होतं म्हणून हे नाव. गोव्यात ही रेस 2019 ला पहिल्यांदा झाली. साडेआठ तासांत सगळं उरकायचं, एक मिनिट जास्त झालं तरी मेडल नाही. लोक विचारतात यात अवघड काय, पोहणं का? तर बाबांनो, गोव्यात अवघड एकच, हवा. ऑक्टोबरातली.

मी साताऱ्याचा. आमच्याकडं ऊन कडक असतं पण कोरडं, यवतेश्वरच्या घाटात दुपारी पळालं की अंगावर मीठ दिसतं, घाम दिसत नाही, कारण तो वाळून गेलेला असतो. आणि घाम वाळतो तेव्हाच अंग गार होतं, नुसता गळून काही उपयोग नाही. मिरामारला सकाळी सातच्या आतच मी उभ्या उभ्या भिजलो होतो, अजून पाण्यात पाय पण घातला नव्हता. तिथला घाम वाळतच नाही. तो कोपरावरनं, नाकावरनं, बुटात, असा नुसता वाहतो आणि आतली भट्टी तशीच चालू राहते. शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात म्हणे, आणि आपल्यासारख्या नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देतंय? आम्ही शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पोचणारी मंडळी.

पोहणं झालं. मांडवी समुद्राला मिळते तिथलं ते गढूळ पाणी, हात पुढं टाकला की स्वतःची बोटं दिसत नाहीत, आणि कोमट. परदेशातल्या रेसचे व्हिडिओ बघून मला वाटायचं पाण्यातून बाहेर आलं की माणूस कुडकुडत असेल, इथं बाहेर आलो तेव्हा कान गरम झाले होते. सायकलही बरी चालली होती पण एका गचक्यात सीटच्या मागची बाटली उडाली, इलेक्ट्रोलाइट म्हणजे क्षारांचं पाणी त्यातच आणि मिठाच्या गोळ्यांची पुडी पण तिलाच चिकटवलेली. मागे सायकली येत होत्या, उतरून उचलणं शक्यच नव्हतं. पुढं मिळेल तिथं पाणी पीत आलो. 90 किलोमीटर संपवून सायकल स्टँडला लावली तेव्हा मांड्या गोळा झाल्या होत्या पण डोकं शाबूत होतं. असं मला वाटत होतं.

बायको रनच्या रस्त्याला उभी होती, हातात कोकम सरबताची गार बाटली घेऊन. देता येत नव्हती तिला. नियमच आहे तो, बाहेरच्या माणसाकडून काही घेतलं तर बाद, जे घ्यायचं ते एड स्टेशनवरच. ती नुसती बाटली हातात धरून बघत होती, मी तिच्यापुढनं गेलो आणि तिच्याकडं बघून हसलो म्हणे. मला आठवत नाही. ती सांगते की मी हसलो आणि "मीटिंग झाली की येतो" असं म्हणालो.

आणि तिथनं पुढं तुम्ही.

काका, त्या रस्त्यावर सगळे एकच ओरडत होते. थांबू नको, चल चल, जवळच आलंय, डोन्ट स्टॉप. पोरंपोरी जीव तोडून ओरडत होती, टाळ्या, ढोल, सगळं. वाईट काहीच नाही त्यात, मी पण दुसऱ्यांसाठी असंच ओरडलोय. तुम्ही एकटे होता जे टाळ्या वाजवत नव्हता. तुम्ही लोकांच्या तोंडाकडं बघत होता. मी कप घ्यायला हात पुढं केला, तुम्ही कप दिलाच नाही, मागे घेतलात आणि म्हणालात, "यो, बस हांगा." मला राग आला. खरं सांगतो, चांगलाच राग आला, म्हणलं एवढ्या पैशाची रेस, घड्याळ पळतंय आणि हा माणूस मला बस म्हणतोय.

मग तुम्ही विचारलंत, आज वार काय. मी म्हणलं शनिवार. रविवार होता. मग म्हणालात घरच्यांचा नंबर सांग, मी लगेच सांगितला, अगदी न अडखळता, सहा आकडी. तुम्ही माझ्या बिबची, म्हणजे अंगावरच्या रेस नंबराच्या कागदाची, कड धरून उलटी केलीत आणि मागं लिहिलेला इमर्जन्सी नंबर बघितलात. तिथं बायकोचा मोबाइल, दहा आकडी. मी जो सांगितला होता तो आमच्या वडिलांच्या घरच्या लँडलाइनचा, मी शाळेत असतानाचा, फोन काढून टाकून किती वर्षं झाली. आणि मी तो एवढ्या खात्रीनं सांगितला होता की आजही कुणी विचारलं तर म्हणेन बरोबरच होता!

तुम्ही हसला नाहीत. प्लास्टिकची खुर्ची ओढलीत, मला सावलीत बसवलंत, एका पोराला मेडिकलवाल्यांना बोलवायला पिटाळलंत आणि बर्फ मागवलात. टोपीत बर्फ भरून ती डोक्यावर ठेवलीत, अंगातल्या ट्रायसूटची, म्हणजे रेसच्या घट्ट कपड्याची, चेन खाली ओढलीत, गळ्यातला तुमचाच टॉवेल बर्फाच्या पाण्यात बुडवून माझ्या मानेवर, आणि दोन्ही हातांत बर्फाचा एकेक खडा देऊन मुठी मिटायला लावल्यात. ते मला तेव्हा कळलंच नाही, म्हणलं हातात कशाला, डोकं तापलंय. नंतर साताऱ्यात आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, तळहात, तळपाय आणि चेहरा इथल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांची खास जाळी असते, अंगातली उष्णता तिथनं पटकन बाहेर पडते. तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवलं होतं काका?

तुम्ही म्हणालात, इंजिन रूममध्ये. मी डोळे मिटायला लागलो की तुम्ही मला जागं ठेवायला बोलत होता ते सगळं तुटक तुटक आठवतंय. वायपर म्हणजे इंजिन रूममधला साफसफाईचा खलाशी म्हणून बोटीवर चढलात, मग ऑइलर म्हणजे इंजिनाला तेलपाणी बघणारा, आणि ऑगस्टमध्ये बोट पर्शियन गल्फमध्ये असली की खाली पन्नास डिग्री, कानात इंजिन, लोखंडाला हात लावायची सोय नाही. तिथं नवीन आलेला कोण पडणार हे जुन्या माणसाला आधी कळतं असं म्हणालात. सगळे घामाकडं बघतात, घाम आहे म्हणजे ठीक आहे समजतात, पण घाम तर शेवटपर्यंत असतो, माणूस उलटसुलट बोलायला लागला की समजायचं. डॉक्टर पण हेच म्हणाले बरं का. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा अंग कोरडं पडलेलं असू शकतं, पण पळणारा माणूस घामानं निथळत असतानाच आतून 40 डिग्रीच्या वर गेलेला असू शकतो, आणि पहिली खूण म्हणजे बुद्धी चालेनाशी होते. आणि तसं झालं तर आधी जागेवरच गार करायचं, गाडी नंतर. तुम्ही अगदी त्याच क्रमानं केलंत.

पाणी मी मागत होतो आणि तुम्ही देत नव्हता, ते पण आता कळलं. सायकलवर साधं पाणी ढोसून आलेलो, अंगातलं मीठ घामातनं गेलेलं, त्यात अजून साधंच पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम अजून खाली जातं आणि मग डोकं फिरायला उन्हाची पण गरज नाही. तुम्ही विचारलंत, सकाळपासून लघवी झाली काय, पोट डबडबलंय काय, आणि मग इलेक्ट्रोलाइटचा कप दिलात तो पण तुमच्या हातात धरून, "सवकास पी, सवकास." घोट घेतला की कप मागे. आमची आजी पण दोन वर्षाच्या पोराला असंच पाजायची.

मेडिकलची मुलगी आली, तिनं तपासलं, कानात काहीतरी घातलं, नाडी बघितली, डोळ्यात टॉर्च मारला. तिनं पण प्रश्न विचारले, तिला वार बरोबर सांगितला. ती म्हणाली अजून थोडा वेळ बसवा, मग चालत जाऊ दे, परत काही वाटलं तर थांबवा. म्हणजे तिनं सोडलं होतं मला. तुम्ही नाही सोडलंत! तुम्ही म्हणालात बायकोचा नंबर सांग. सांगितला. परत सांग. परत सांगितला. बिब उलटून दोन्ही वेळा एकेक आकड्यावर बोट ठेवून जुळवलात, आणि मग म्हणालात, "वच आतां. चलत वच." उठताना मी झोकांडलो, तुमचा हात माझ्या पाठीमागं आला, वीतभर अंतरावर, पण टेकला नाही. तो हात मी मान वळवून बघितला होता. दहा-पंधरा पावलं तुम्ही तसेच आलात, हात तसाच मागे धरून.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, दहा-बारा मिनिटं असतील. त्या बसण्यामुळं माझा टाइम गेला असं आमच्या ग्रुपमधला एक महाभाग म्हणाला. त्याला म्हणलं, टाइम गेला की माणूस राहिला ते तू बघ, आणि विषय बदलला. आमच्या या छंदात हे एक फार झालंय, वेदना म्हणजे कमकुवतपणा, थांबला तो संपला, अशी वाक्यं स्टेटसला ठेवायची. ठेवा की. पण ज्याला रविवारचा शनिवार झालाय त्याला ओरडून पुढं ढकलणं हा काही खेळ नाही.

नंतरचं फार नाही सांगण्यासारखं. प्रत्येक स्टेशनला चालत, टोपीत बर्फ, मुठीत बर्फ, सावली असेल तिथं पळायचं आणि ऊन असेल तिथं चालायचं, असं करत करत गेलो. दोनापावलच्या बाजूच्या चढाला पळणारे पण चालत होते, तिथं जरा बरं वाटलं. पुढच्या फेरीला तुमच्यासमोर आलो तर तुम्ही लांबूनच ओरडलात, "आयज कितें वार?" आणि मी जीव खाऊन ओरडलो "रविवार!" आणि तुमच्या स्टेशनवरची सगळी पोरं खिदळली. त्याच्या पुढच्या फेरीला तर माझ्या मागे पळणाऱ्या दोघा-तिघांनी पण रविवार म्हणून ओरडून घेतलं, त्यांना वाटलं असणार इथली पद्धतच आहे. साडेआठ तासांच्या कटऑफच्या थोडं आत पोचलो. मेडल गळ्यात पडल्यावर बायकोनं ती कोकमची बाटली दिली, तोवर गरम झाली होती, तरी सगळी प्यायलो.

फिनिशनंतर मी तुमच्याकडंच येणार होतो पण तंबूत तासभर पाय वर करून पडावं लागलं, आणि आम्ही दोघं परत तिथं आलो तेव्हा टेबलं आवरून झाली होती, एक जण कप गोळा करत होता, तो म्हणाला अंकल घरी गेले, त्याला पण नाव माहीत नव्हतं. तुमचा टॉवेल माझ्या मानेवरच आला होता काका. तो आमच्याकडं आहे, धुऊन ठेवलाय, निळ्या काठाचा.

पुढच्या रेसला मी येणार आहे, पळायला नाही, तुमच्या स्टेशनवर कप भरायला. बायकोनं पण नाव देते म्हणून सांगितलंय. सातारी कंदी पेढे आणतो, साखर चालते ना तुम्हाला? आणि एक राहिलंच. त्या गल्फमधल्या बोटीवर तुमच्याबरोबरचा जो पोरगा बडबडायला लागला होता, ज्याला तुम्ही चौघांनी मिळून शिडीवरनं वर डेकवर काढलंत, तिथंच मेडिकलची मुलगी आली आणि तुमची गोष्ट अर्धी राहिली. त्याचं पुढं काय झालं ते तेवढं कळवा. आमच्या घरात तीनदा भांडण झालंय त्यावरनं, बायको म्हणते वाचला असणार, नाहीतर काका एवढ्या हौसेनं सांगत बसले नसते.

तुमचा,
लँडलाइनवाला, सातारा