पाइपाचं पांघरूण

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. सिंकखालच्या पाइपांना फोम असा गुंडाळलायस की आई म्हणाली, "तान्हं बाळ निजवलंय जणू." काम नेटकं झालंय. पण खाली "आता पाइप गोठायची काळजी मिटली" असं लिहिलंयस, तिथे मी अडलो.

पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. आपण पांघरुणात गरम राहतो कारण आपलं अंगच गरम असतं. पाइपात नुसतं थांबलेल्या पाण्याकडे ऊब कुठली? बाहेर उणे 10 असेल आणि पाइप बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल, तर फोममुळे तो उशिरा गोठेल, इतकंच. म्हणून कडाक्याच्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं सताड उघडी ठेव, घरातली गरम हवा आत शिरू दे. आणि पाइप भिंतीतून आत येतो तिथली फट आधी बुजव. तेवढ्या फटीतून येणारा वारा फोमला दाद देत नाही.

त्या रात्री नळ थेंब थेंब चालू ठेव. लहानपणी नळ उघडा राहिला की मीच ओरडायचो, त्यामुळे हे माझ्याकडून ऐकताना हसशील. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पण पाइप बहुधा बर्फ असतो तिथे फाटत नाही. बर्फाचं बूच वाढत जातं, बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही, दाब चढत जातो आणि मधेच कुठेतरी पाइप उसवतो. नळ किंचित उघडा असला की दाब सुटतो.

आमची फजिती तुला कधी सांगितली नाही. तुझ्या जन्माआधी, बिल वाचवायला हीटर बंद करून आम्ही चार दिवस गावाला गेलो. परतलो तर नळ कोरडा. गोठलं असेल म्हणून हीटर लावला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. दोन तासांनी भिंतीतून पाणी! पाइप आधीच फाटला होता, बर्फाने भोक बुजवून ठेवलं होतं. घरात येणारं सगळं पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. आई टॉर्च घेऊन शोधत होती, मी बादल्या लावत होतो.

तेव्हा आजच मेन कॉक शोध आणि एकदा हाताने फिरवून बघ. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक नेमका वेळेला जाम होतो. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस बाहेर जाशील तेव्हा हीटर 13 अंशांच्या खाली नेऊ नकोस. मेन बंद करून सगळे नळ उघड, पाइप रिकामे होऊ देत. मात्र घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर तापत असेल तर मेन बंद करण्याआधी जाणकाराला विचार.

आणि कधी गोठलंच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने मागे मागे शेकत जा. मेणबत्ती, ब्लोटॉर्च काही नको.

तुझा,
बाबा

ता. क. फोटोत खिडकीतून बाहेरचा नळ दिसतोय. बागेची रबरी नळी अजून त्यालाच लावलेली आहे. हे पत्र वाचून झालं की आधी ती काढ.