आधी पाणी, मग नाव

प्रिय याया (म्हणजे आजी),

हे पत्र मराठीत आहे. तुमचा नातू त्यावर फोन धरून तुम्हाला वाचून दाखवेल आणि त्यात निम्मं वाकडंतिकडं होईल. होऊ दे. त्या हॉटेलची तक्रार मी इंग्रजीत लिहिली, ती चार ओळींत संपली. आभार काही मला तेवढ्यात आवरत नाहीत.

ऑगस्टचा शेवट होता. ग्रीसमधल्या पिरेउस बंदरातून निघालेली बोट मेल्तेमीच्या वाऱ्यात पाच-साडेपाच तास अशी हेलकावत होती की माझ्या धाकट्या बहिणीने पहाटे इन्सुलिन टोचून वर केलेला नाश्ता सगळा समुद्रात गेला. पर्समधल्या साखरेच्या पुड्या बोटीवरच संपल्या. मिकोनोस बेटावर उतरलो तेव्हा तिच्या कपाळावर थंड घाम होता. हा घाम मी ओळखते. आमच्या आईलाही यायचा.

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस संगणकावरून नजर न काढता म्हणाला, नाव? मग पासपोर्ट. मग कार्ड. मग म्हणाला की या नावाचं बुकिंग दिसत नाही. मी फोनवर पावती दाखवली, तर ते आमच्याकडे नाही, ज्यांच्याकडून केलंत त्यांना विचारा. मी थोडी साखर मागितली. साखर, हो, खोली नाही. कॅफे चार वाजता उघडेल म्हणाला. आणि बसायची जागा फक्त पाहुण्यांसाठी आहे. पुढच्या दोन ठिकाणी एवढाही संवाद झाला नाही, काचेच्या दारातूनच मान हलली.

मग दुकान शोधायला म्हणून आम्ही त्या पांढऱ्या गल्ल्यांत शिरलो आणि चुकलो. तिथे दोन वळणांनंतर सगळी दारं सारखीच दिसतात. धाकटी एका पायरीवर बसली. ती पायरी तुमची होती.

तुम्ही उंबऱ्यात शेंगा मोडत होतात. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मांडीवरची परात खाली ठेवलीत आणि आत गेलात. मला वाटलं, झालं, आता दार लागणार. तुम्ही बाहेर आलात तेव्हा हातात काचेची बशी होती, तळहाताएवढी. तिच्यात पाकात मुरलेल्या कसल्याशा सालीची एकच गुंडाळी, पाक इतका दाट की बशी कलली तरी तो सावकाश सरकत होता. बशीच्या काठाला टेकवलेला एक छोटा चमचा. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, बाहेरून दव धरलेला. धाकटीचा हात थरथरत होता, चमचा बशीवर वाजत होता. तुम्ही तो तिच्या हातून काढून घेतलात, पाक निथळू दिलात आणि तिच्या तोंडात घातलात. डाव्या हाताची ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरून. लहान मुलाला भरवताना धरतात ना, तशी. मग म्हणालात, "नेरो." पाणी.

मला "नीर" ऐकू आलं आणि मी उगाचच हरखले. पुढे तुमच्या नातवाने सांगितलं की हा शब्द "ताजं" या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलाय. म्हणजे नातं असलंच तर आमच्या "नवा"शी. असो.

त्या पदार्थाला तुम्ही "चमच्याचं गोड" म्हणता आणि दारी आलेल्या कुणालाही पाण्याबरोबर देता, हे मला नंतर कळलं. आमच्या गावाकडे उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवतात, तेच हे. पण त्या क्षणी मला ती ओंजळ तेवढी दिसत होती. पाक सांडला नाही. सांडला असता तर तुमच्याच हातात सांडला असता.

नाव तुम्ही विचारलंत ते पाऊण तासाने, धाकटी भिंतीला टेकून हसायला लागल्यावर. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला लगेच ते जुनं ग्रीक महाकाव्य, ओडिसी, आठवलं. त्यात हा नियमच आहे. इथाकाच्या वाड्यात अथेना देवी परक्या माणसाच्या वेषात येते, तर तिथला कोवळा राजपुत्र टेलेमॅकस तिला आधी आत नेतो, जेवायला घालतो, आणि कोण, कुठली ते मागून विचारतो. पिलोसचा म्हातारा नेस्टर पाहुण्यांचं पोट भरल्यावर म्हणतो, आता विचारायला हरकत नाही. आल्या आल्या "कोण तुम्ही?" असं विचारणारा त्या काव्यात एक गुहावाला आहे, एकाच डोळ्याचा पॉलिफेमस. त्याने पाहुण्यांना जेवू घातलं नाही, पाहुणेच खाल्ले. काउंटरवरच्या त्या माणसाचाही एकच डोळा होता, पडद्याला चिकटलेला.

तीन रात्री तुम्ही आम्हाला तुमच्या मुलाच्या रिकाम्या खोलीत ठेवलंत. पैशाचा विषय काढला की तुम्हाला ऐकू येईनासं व्हायचं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

चौथ्या दिवशी वारा पडला आणि डेलॉस बेटाची बोट सुटली. अर्ध्या तासाचा प्रवास. त्यासाठीच तर आम्ही आलो होतो. इतकी वर्षं मी लेटोची गोष्ट वर्गात सांगितली ती एका दमात, पुढे अथेन्स-स्पार्टा उरकायचं असायचं. झ्यूस देवापासून दिवस भरलेली लेटो बाळंतपणासाठी जागा मागत फिरते. क्रीट, एजायना, सामोस, लेस्बोस, कायोस, नॅक्सोस, पारोस. सुपीक, बड्या घरच्या सगळ्या जागा. कुणाला झ्यूसच्या बायकोची, हेराची भीती, कुणाला जन्माला येणाऱ्या देवाची. हो म्हणतं ते हे डेलॉस, ज्याच्या अंगावर धड मातीही नाही. आणि तेही आधी घाबरतंच, हे मला फार आवडतं. म्हणतं, तुझा मुलगा तापट निघेल असं ऐकते. माझा खडक बघून त्याने मला लाथेने समुद्रात ढकललं तर माझ्यावर ऑक्टोपस आणि काळे सील घरं करतील. लेटो स्टिक्स नदीची शपथ घेते की तुझ्याच अंगावर त्याचं पहिलं देऊळ उभं राहील. मग नऊ दिवस, नऊ रात्री वेणा. बाळंतपणाची देवी आयलिथिया हेराने ऑलिम्पसवर अडकवून ठेवलेली. तिला सोन्याचा नऊ हात लांब हार कबूल करून आणावं लागतं. ती बेटावर पाऊल ठेवते, लेटो खजुराच्या झाडाला मिठी मारते, गुडघे गवतात रोवते, खालची जमीन हसते आणि अपोलो जन्मतो.

तिथलं पवित्र तळं मलेरियाच्या भीतीने 1920 च्या दशकात आटवलं. आता कोरड्या खळग्यात एक खजूर उभा आहे, उत्खनन करणाऱ्यांनी आठवणीसाठी लावलेला. धाकटी त्याच्याकडे बघत म्हणाली, "लेटोलासुद्धा कुणीतरी पाणी दिलं असेल ना गं?"

तळ्याच्या बाजूलाच संगमरवरी सिंहांची रांग आहे. मूळ सिंह संग्रहालयात आहेत, बाहेर प्रतिकृती. ते कुणी वाहिले? नॅक्सोसकरांनी, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या शेवटी. लेटोला नाही म्हणणारे तेच नॅक्सोस. दैवत मोठं झाल्यावर सिंह घेऊन आले. मला तिथेच हसू फुटलं, कारण आदल्या रात्री त्या हॉटेलची मेल आली होती: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या वेळी दहा टक्के सूट.

शेजारचं रिनिया बेटही लेटोला नाही म्हणणाऱ्यांच्या यादीत होतं बरं का. त्याची गंमत पुढे झाली. इ.स.पू. 426 च्या हिवाळ्यात अथेन्सवाल्यांनी डेलॉस "शुद्ध" केलं, थडगी उकरून हलवली आणि फर्मान काढलं की इथे कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. मग अवघडलेल्या बायकांना होडीत घालून कुठे न्यायचे? रिनियाला. एकीला जागा नाकारली आणि नंतर सगळ्यांची बाळंतपणं अंगावर आली. आणि जिथे देवीला आसरा मिळाला तिथे माणसांच्या बायकांना थारा नाही. देऊळ मोठं झालं की हे असं होतंच, आमच्याकडेही होतं.

संध्याकाळी मी हे सगळं उत्साहाने तुम्हाला सांगायला लागले. नातू भाषांतर करत होता. तुम्ही लेटोचं नाव ऐकून हात झटकलात, भिंतीवरच्या पनायियाच्या, म्हणजे मदर मेरीच्या तसबिरीकडे बोट दाखवलंत आणि विचारलंत, या धाकटीने आज वेळेवर जेवण केलं का?

परत आल्यापासून मी माझ्याच दाराकडे जरा चोरून बघते. आमच्या दाराला भिंग आहे, आत साखळी आहे, आणि माझं पहिलं वाक्य "कोण पाहिजे?" हेच असतं. मागच्या आठवड्यात भर दुपारी कुरिअरचा मुलगा आला, तर सही करून झाल्यावर मला पाण्याची आठवण झाली. तोवर तो दोन जिने उतरला होता.

धाकटी बरी आहे. तुम्ही दिलेली बरणी संपली. साल लिंबाची की बर्गमोटची यावर आमचा अजून वाद चालू आहे, तेवढं नातवाकडून कळवा. या पत्राबरोबरच्या डब्यात कोल्हापूरचा गूळ आहे. त्याला चमचा लागत नाही. खडा फोडून हातावर ठेवायचा, वर पाणी. डबा ओलाव्यापासून जपा, समुद्राच्या हवेत त्याला पाझर फुटेल.

तुमची,
निळ्या दाराच्या पायरीवर बसलेल्या दोघींपैकी थोरली