विषाणू आपोआप मवाळ होत नाही

महोदय,

‘विषाणू जुना झाला की मवाळ होतो, एचआयव्हीचेही तसेच होईल,’ असे मत आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने मांडले होते. मी जीवशास्त्र शिकवते. हेच वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडूनही अनेकदा ऐकले आहे. त्यावर विसंबून कोणी एचआयव्हीच्या गोळ्यांची टाळाटाळ केली तर, या काळजीने लिहीत आहे.

एचआयव्हीच्या जनुकांची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) स्वतःच्या चुका तपासत नाही. उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात आणि एकाच माणसाच्या रक्तात त्यांची असंख्य रूपे नांदतात. प्रतिकारशक्तीला हुलकावणी देणारी टिकतात. मात्र एका शरीरात टिकाव धरणे वेगळे आणि दुसऱ्या शरीरात पोहोचणे वेगळे. लैंगिक संबंधातून लागण होते तेव्हा बहुतेक वेळा या गर्दीतला एखादाच विषाणू पलीकडे मूळ धरतो.

फैलावाचे गणित रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणावर बसते. ते फार असेल तर लागण सहज होते, पण रुग्ण लवकर दगावतो. फार कमी असेल तर रुग्ण बरीच वर्षे जगतो, पण लागण क्वचित होते. संशोधक क्रिस्तोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की मधले प्रमाण फैलावाला सर्वांत सोयीचे असते आणि रुग्णांमध्ये बहुधा तेच आढळते. शिवाय हा गुण काही अंशी विषाणूबरोबर पुढच्या माणसाकडे जातो. म्हणजे निवड होते ती पसरण्याच्या सोयीची. आपल्या जिवाची फिकीर त्यात कुठेच नाही. उपचाराविना साधारण दहा वर्षांत एड्सपर्यंत नेणाऱ्या विषाणूला मवाळ कसे म्हणायचे?

आफ्रिकेतल्या बोट्स्वानात विषाणूची वाढण्याची क्षमता थोडी घटल्याचे २०१४ मध्ये दिसले होते, हे खरे. पण नेदरलँड्समध्ये उलटेच घडले. १९९० च्या दशकात तिथे उपजलेले एक रूप २०२२ मध्ये उजेडात आले. ते १०९ जणांमध्ये सापडले. त्यांच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण इतर रुग्णांच्या साडेतीन ते साडेपाच पट होते आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी दुप्पट वेगाने घटत होत्या. उपचार नसते तर निदानानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांना एड्सने गाठले असते.

उत्क्रांतीला लगाम घालणारी गोष्ट आपल्या हाती आहे, ती म्हणजे एचआयव्हीला दाबणारी औषधे (एआरटी) नियमित घेणे. नक्कलच थांबली तर नवे रूप घडणार कुठून? गोळ्या अधूनमधून घेतल्या तर मात्र औषधाला न जुमानणारी रूपे वाढतात आणि ज्याने ते औषध कधी घेतलेही नाही अशा माणसाकडे जाऊ शकतात. याउलट, औषधांनी विषाणू पुरेसा दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात आढळले.

त्या रूपाच्या १०९ रुग्णांचे पुढे काय झाले, हेही कृपया छापावे. उपचार सुरू झाल्यावर त्यांच्या सीडी४ पेशी इतर रुग्णांसारख्याच सावरल्या.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका