शिवाजी पार्क हे नाव कुणामुळे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शेजारी बसलेला एक कॉलेजकुमार मित्राला सांगत होता, "इथे महाराजांचा पुतळा आहे ना, म्हणून शिवाजी पार्क." शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे राहवलं नाही. पुतळा १९६६चा आणि नाव १९२७चं, असं मध्येच सांगून टाकलं. त्यावर त्याने विचारलं, "मग आधी काय म्हणायचे?"

माहीम पार्क म्हणायचे. १९२५ साली मैदान लोकांसाठी खुलं झालं ते याच नावाने. १८९६च्या प्लेगने दाटीवाटीच्या मुंबईला चांगलाच धडा दिला होता. दादर-माटुंग्याकडे शहर वाढवायचं ते रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा राखूनच, हा विचार तेव्हापासूनचा. मैदानाभोवतीच्या गोलाकार सज्जांच्या इमारती बहुतेक १९३० नंतरच्या. म्हणजे आधी मैदान आलं आणि मग शेजार. आता आधी टॉवर उभा राहतो आणि कोपरा उरलाच तर तिथे दोन घसरगुंड्या बसवून त्याला उद्यान म्हणतात.

१९२७ साली महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून मैदानाला त्यांचं नाव द्यावं, असा आग्रह महापालिकेत अवंतिकाबाई गोखले यांनी धरला आणि तो मान्य झाला. (जन्मवर्ष तेव्हा १६२७ धरत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने पुढे फार उशिरा स्वीकारली. आजच्या हिशेबाने पाहिलं तर नामकरण तीन वर्षं आधीच उरकलं! जन्मतिथीच्या वादात मात्र मला पडायचं नाही.)

या अवंतिकाबाई कोण, हे कट्ट्यावरच्या दहा जणांना विचारलं तर एखाद्याला सांगता येईल. परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या या बाई १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारणात काम करायला गेल्या. गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र त्यांनी लिहिलं, १९१८ साली, आणि त्याला प्रस्तावना टिळकांची. मुंबई महापालिकेत बसलेल्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पण ज्या मैदानाचं नाव त्यांच्यामुळे घरोघरी पोचलं, तिथे त्यांचा उल्लेख माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुमारे २८ एकरांच्या या मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडल्या. ते सगळं लोकांना पाठ आहे, त्यावर पुष्कळ लिहूनही झालंय. २०२०मध्ये 'छत्रपती' आणि 'महाराज' जोडून नाव अधिक आदराचं केलं गेलं, तेही योग्यच झालं. तेव्हाच मूळ नाव सुचवणाऱ्या बाईंचीही आठवण ठेवायला हवी होती, असं वाटतं.

मागणी लहान आहे. पुतळ्याजवळ एक साधा फलक लावावा. १९२५, माहीम पार्क, १९२७, अवंतिकाबाई गोखले, एवढं मराठीत आणि ठळक अक्षरांत असलं तरी पुरे. अक्षरं उभ्याने वाचता येतील एवढी मोठी असावीत, कारण संध्याकाळी इथे फेऱ्या मारणाऱ्यांत आम्ही चष्मेवालेच जास्त. फलकावर उद्घाटकांची नावं घालणं अगदीच टळत नसेल, तर ती मागच्या बाजूला घालावीत.

— एक निवृत्त शिक्षिका, दादर (पश्चिम)